एकशे बारावी ओळ

कर्नाटकच्या सीमेवर, खजुरीच्या आमच्या शेतात फोनला रेंज फक्त विहिरीच्या कठड्यावर येते, आणि तीही बऱ्याचदा महाराष्ट्राच्या टॉवरची. येळवशीच्या, म्हणजे शेतात जेवायच्या वेळ अमावस्येच्या, दिवशी सकाळी मी त्या कठड्यावर उभी होते. एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात भज्जीचं, डाळी आणि पालेभाज्यांच्या पातळ भाजीचं, पातेलं, कारण फोन वाजला तेव्हा मी पंगत वाढत होते आणि पातेलं खाली ठेवायचं सुचलं नाही. पलीकडून आमच्या रेजिमेंटचा ड्यूटीवरचा अधिकारी सांगत होता की परदेशात मोठा भूकंप झाला आहे, आपल्या सरकारनं मदत देऊ केली आहे, उद्या दुपारी विमान आहे आणि आमची तुकडी जाणार आहे.

मी विचारलं, "लेखी आलंय?"

"आलंय, मॅडम."

"मग फोनसाखळी सुरू कर. प्रत्येक फोनची वेळ लिही. मी संध्याकाळपर्यंत पोचते."

मी फौजेत इंजिनियर आहे. आमच्याकडे हे सांगितलं की लोक आधी म्हणतात, म्हणजे ऑफिसात, आणि मग विचारतात, बंदूक देतात का. देतात. पण आमचं रोजचं काम पूल टाकणं, रस्ता मोकळा करणं, गढूळ पाणी पिण्याजोगं करणं आणि पडलेल्या इमारतीखालून माणसं काढणं हे आहे. त्याआधी दोन वर्षं असा हुकूम आला होता की परदेशात आपत्ती आली तर एका दिवसात निघू शकेल अशी सत्तर जणांची तुकडी आमच्या रेजिमेंटनं कायम सज्ज ठेवावी. ती उभी करायचं काम माझ्याकडे आलं, आणि निघायची वेळ आली तर तिचं नेतृत्वही मीच करायचं हे त्याच कागदावर लिहिलेलं होतं. तो कागद मी जपून ठेवला होता. म्हणजे अजूनही आहे.

सत्तर माणसं शोधणं अवघड नसतं. सत्तर माणसं एका दिवसात घराबाहेर काढता येतील अशी ठेवणं अवघड असतं. कुणाची दाढ दुखते, कुणाची बायको बाळंतपणाला आली आहे, कुणाची एक लस राहिली आहे, कुणी सुट्टीवर गेला आणि जाताना फोन नंबर बदलला. प्रत्येक जागेवर दोन नावं ठेवायची, एक जाणारा आणि एक त्याच्या बदल्याचा. काँक्रीट कापणाऱ्याला जनरेटर दुरुस्त करता आला पाहिजे, ड्रायव्हरला प्रथमोपचार. प्रत्येकाची बॅग भरून, तोलून, स्टोअरमध्ये. सामानाच्या पेट्यांना मी तीन रंग दिले होते. लाल पेटी उतरल्या उतरल्या लागणारी, पिवळी पहिल्या दिवशी, पांढरी नंतर. लाल पेट्या विमानात सगळ्यात शेवटी चढवायच्या, म्हणजे त्या सगळ्यात आधी उतरतात. यात मोठी अक्कल नाही. शेतात गेल्यावर आधी खराटा आणि पाणी लागतं, म्हणून ते बैलगाडीत शेवटी ठेवायचं, हे आमच्या घरात सगळ्यांना कळतं. पण आमच्या आधीच्या सरावात जॅक सगळ्यात खाली आणि त्यावर तंबूंचे ढीग अशा रचनेनं विमान भरलं गेलं होतं, आणि ते भरणारे सगळे इंजिनियर होते.

तर मी विहिरीवर उभी राहून एकामागून एक फोन लावत होते. खाली कडब्याच्या कोपीपाशी पाहुण्यांची पंगत माझ्याकडे तोंड करून जेवत होती. माझा धाकटा भाऊ आंबिलीचा डेरा घेऊन फिरत होता. तो ओरडला, "अक्का, फौज आता आपल्या हिरीवरून चालायली बघ!"

पाहुणे हसले. मी एका सुभेदारसाहेबांना तिसऱ्यांदा लसींच्या याद्या विचारत होते.

खाली उतरले तेव्हा आई म्हणाली, "जेवलीस का न्हाई?"

"न्हाई."

"मंग कुठं निगालीस?"

"भूकंप झालाय." देशाचं नाव सांगितलं.

"तिथं कोन हाय आपलं?"

"कुणी न्हाई."

"मंग कामून जायलीस?"

"त्येच काम हाय आई तिचं," भाऊ म्हणाला. "आपलं कुणी असतं तं गेली नसती. मामाच्या लग्नाला आली होती का?"

आईनं बाजरीचे चार उंडे आणि भज्जी डब्यात बांधून दिली. आमच्याकडे येळवशीला आधी पाहुणे जेवतात, मग घरचे पुरुष आणि पोरं, शेवटी बायका. मी त्या दिवशी शेवटच्या पंगतीपर्यंत थांबले नाही एवढंच. डबा सीटवर ठेवला आणि उमरग्याच्या बाजूनं हायवेला लागले.

तुकडीतला एक हवालदार दुबलगुंडीचा. तोही येळवशीला घरी आला होता. त्याला हुमनाबादच्या चौकात उभं राहायला सांगितलं होतं. काँक्रीट कापायच्या मशीनवर त्याच्यासारखा हात पूर्ण रेजिमेंटमध्ये कुणाचा नाही. तो पाठीवर बॅग आणि हातात पाण्याच्या दोन बाटल्या भरून आंबील घेऊन उभा होता. गाडीत बसला आणि चारचौघांत बोलतो ती हिंदी सोडून दिली.

"मॅडम, आंबील घ्या. विमानात नेऊ देतेत का न्हाई कुणाला ठाव."

"नेऊ देत नाहीत."

"मंग हितंच संपवू."

तो सांगत होता की त्याच्या बापानं विचारलं, तिकडं पगार जास्त मिळतो का, आणि न्हाई म्हटल्यावर बापाला वाटलं पोरगा खोटं बोलायलाय. मी हसले. मी त्या दिवशी खूश होते, हे लिहायला हवं. बावीस वर्षांच्या नोकरीत मी इतरांना निघायला मदत केली होती. सीमेवर पूल, पुरात होड्या, प्रत्येक वेळी तयारी माझी आणि जाणारा दुसरा. या वेळी कागदावर माझं नाव होतं.

हुमनाबाद मागे पडल्यावर अर्ध्या तासानं आमच्या कमांडिंग ऑफिसरचा फोन आला. कर्नलसाहेब माझ्याहून वयानं एका वर्षानं मोठे. आवाज गोड.

"कुठपर्यंत पोचलीस?"

मी सांगितलं.

"छान. लोडिंग तूच बघ. तुझ्याशिवाय ते होणार नाही. फक्त फ्लाइटवर तू नाहीस."

मी गाडी बाजूला घेतली. "का, सर?"

"वरून विचारणा झाली. महिला अधिकाऱ्याच्या राहण्याची, बाथरूमची स्वतंत्र सोय नेताय का. मी सामानाची यादी बघितली. त्यात तशी सोय नाही. मग काय सांगणार? यादीवर सही तुझीच आहे."

यादीवर सही माझीच होती.

एकशे बारावी ओळ. 'छोटा तंबू एक, कनात एक, सुटा शौचालय संच एक, महिला अधिकाऱ्यासाठी.' पहिल्या मसुद्यात होती. तीन महिने आधी मोठा सराव झाला तेव्हा विमानाच्या मर्यादेपेक्षा वजन साधारण शंभर किलोनं जास्त भरलं. मी सगळ्या विभागांच्या प्रमुखांना टेबलाभोवती बसवलं आणि म्हटलं, कोण काय सोडतंय? डॉक्टर म्हणाले, औषधातला एक डबा हलणार नाही. स्वयंपाकघर म्हणालं, सत्तर माणसांना मोठं पातेलं हवंच. कारकुनांनी त्यांच्या कागदांच्या लोखंडी पेटीवर हात ठेवला, जणू मी ती तिथल्या तिथे उचलणार होते. एक तास कुणी एक किलो सोडला नाही. मग मी पेन उचललं आणि एकशे बारावी ओळ खोडली. सत्तावन्न किलो कमी झाले. उरलेले मी इकडून तिकडून काढले.

कुणी मागितलं नव्हतं. कुणी सुचवलं नव्हतं. टेबलाभोवतीचे सगळे म्हणाले, "थँक्यू, मॅडम." आणि मला बरं वाटलं. शेतात वाढलेली बाई, आडोसा शोधता येतो, तंबूत मधे चादर टाकता येते, माझ्यापायी कुणाचं काही कमी व्हायला नको. असं सगळं मी तेव्हा मनात म्हटलं होतं. मी ते व्यवहाराचं समजले होते.

रस्त्याकडेला गाडीत बसून मला हे सगळं आठवलं आणि संताप आला. वर कुणीतरी विचारणा केली याचा नव्हे. पहिली वस्तू जी मी यादीतून काढली ती मीच होते, आणि काढताना मला कुणी बोट दाखवून सांगावंही लागलं नाही, याचा.

हवालदार समोर बघत बसला होता. फोनमधला आवाज त्यानं ऐकला होता. तो म्हणाला, "मॅडम, तो तंबू तं स्टोअरलाच हाय. त्याच्यावर नंबर मीच रंगवलाय."

"माहीत आहे."

"मंग काढा की भाईर. सत्तावन किलो म्हंजे काय? माझ्या मेव्हण्याचं वजन हाय तेवढं. एक मेव्हणा तं बसतोयच विमानात."

मी गाडी सुरू केली आणि स्टोअरला फोन लावून सांगितलं की एकशे बारा नंबरचं सामान काढा, तोला, लाल टेप लावा आणि ट्रकवर शेवटी चढवा. स्टोअरवाला म्हणाला, "यादीत नाही, मॅडम." मी म्हटलं, "यादी मी केली आहे."

संध्याकाळी पोचले तेव्हा सदुसष्ट जण हजर होते, उरलेले तिघे वाटेत. फोनसाखळीला अडीच तास लागले होते, मी तीन धरले होते. कुणी ओरडत नव्हतं, कुणी धावत नव्हतं, डॉक्टर लसींसाठी रांगेत दंड तपासत होते. मी माझं काम नीट केलं होतं हे मला दिसत होतं, आणि त्यामुळे राग आणखी वाढत होता. बिघडलेलं काम घेऊन घरी बसवलं असतं तर समजलं असतं.

कर्नलसाहेबांना भेटले. ते म्हणाले, माझ्या जागी एक मेजर जाईल. तो आमच्याकडे बदलून येऊन दोन महिने झाले होते. चांगला मुलगा, पण कुठली पेटी कुठे आहे हे त्याला माहीत नव्हतं आणि त्यानं विचारलंही नव्हतं.

"सर, तंबू ट्रकवर आहे. वरच्यांना कळवा की सोय आहे."

"वजन बसत नाही, तूच तर म्हणाली होतीस."

"उद्या विमानापाशी परत तोलते. बसलं तर?"

ते म्हणाले, "बघू." माझ्या वयाच्या कुठल्याही बाईला या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. तरी मी त्याला धरून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी धावपट्टीच्या कडेला एक एक पेटी काट्यावर चढवून मी सगळं सामान पुन्हा तोललं. वायुदलाचा माणूस, जो विमानात वजन कुठे किती ठेवायचं ते ठरवतो, शेजारी उभा राहून लिहून घेत होता. त्याला कोण जातंय आणि कोण नाही याच्याशी देणंघेणं नव्हतं. त्याला आकडे आणि खाली तुकडीतर्फे एक सही हवी होती. ती सही करायचा अधिकार माझा होता.

अर्ध्यावर आलो तेव्हा एक पेटी निघाली जी मी कधी बघितली नव्हती. रंग नाही, नंबर नाही, दोरी बांधलेली. काट्यावर ठेवली. बासष्ट किलो, आणि वायुदलाच्या कागदावर ते मर्यादेत बसवून आधीच धरलेले.

"काय आहे यात?"

मेसचा एक नाईक म्हणाला, "मेमेंटो, मॅडम."

मी दोरी कापायला लावली. आत भुश्शात ठेवलेली पितळी स्मृतिचिन्हं होती. लाकडी पाटावर रेजिमेंटचं चिन्ह, खाली कोरलेली पट्टी. तीस तरी असतील. शेजारी घडीच्या सहा खुर्च्या, त्याही यादीत नाहीत.

कर्नलसाहेब जवळच होते. मी म्हटलं, "सर, हे काय आहे?"

"तिकडे त्यांचे अधिकारी भेटायला येतात, मंत्री येतात. हातात काही द्यावं लागतं. पद्धत आहे."

"तिथे माणसं ढिगाऱ्याखाली आहेत."

"ती आपण काढणारच आहोत," ते शांतपणे म्हणाले. "दोन्ही गोष्टी होतात."

मी ओरडले नाही. ओरडायला हवं होतं असं आज वाटतं. मी म्हटलं, "यादीबाहेरच्या सामानावर मी सही करणार नाही. ही पेटी आणि खुर्च्या खाली राहतील. आणि बासष्ट किलो मोकळे झाले, तर एकशे बारा नंबरचे सत्तावन्न वर जातील. माझ्यासकट."

त्यांनी मेसच्या नाईकाला मान हलवून खूण केली. पेटी आणि खुर्च्या परत ट्रकवर गेल्या. चार मिनिटं लागली. मग मला बाजूला घेऊन त्यांनी सांगितलं, "पेटीचं तुझं बरोबर होतं. पण नावांची यादी काल रात्रीच वर गेली. आता बदलता येत नाही."

"काल तर तुम्ही 'बघू' म्हणालात."

"म्हणालो."

"म्हणजे तंबू असता तरी..."

त्यांनी घड्याळ बघितलं. "हे नंतर बोलू. विमान थांबलंय."

वायुदलाचा माणूस कागद घेऊन उभा होता. मी सही केली नसती तर विमान थांबलं असतं. एक तास, दोन तास, कदाचित दुसऱ्या कुणाला अधिकार देईपर्यंत. इमारतीखाली दबलेल्या माणसाला किती तास असतात हे मी वर्गात शिकवते. कर्नलसाहेबांना ते माहीत होतं. मी सही करणार हेही त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, ते मेजरशी बोलायला गेले. कुणाचा चांगुलपणा असा गृहीत धरून त्याच्यावर विमान उभं करता येतं, हे मला तोवर कुणी शिकवलं नव्हतं.

मी सही केली.

हवालदार रांगेत होता. शिडीकडे जाताना त्यानं सलाम ठोकला आणि ओठ न हलवता म्हणाला, "मॅडम, बासट किलो जागा मोकळी चालली."

"गप चल," मी म्हटलं.

ती जागा मोकळीच गेली. तंबू ट्रकवर राहिला, स्मृतिचिन्हं ट्रकवर राहिली, मी ट्रकशेजारी राहिले. विमान दिसेनासं होण्याआधीच मी पाठ फिरवली, कारण सत्तर माणसांच्या घरी कळवायचं काम माझ्याकडेच होतं.

पुढचे बारा दिवस माझा फोन वाजत होता. मेजर विचारायचा, मॅडम, छोटे जॅक कुठल्या पेटीत? मॅडम, पाणी शुद्ध करायच्या मशीनची जाळी? मॅडम, जनरेटरला तेल कुठलं? मी सांगायचे. लाल सात. पिवळी तीन, डावीकडे. पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलंय, वाच. तुकडीनं चांगलं काम केलं. हवालदाराच्या मशीननं एका जिन्याखालून दोन जण जिवंत काढले, त्यातली एक म्हातारी. याचा मला आनंद झाला नाही असं नाही. पण आनंद झाला म्हणून राग गेला असंही नाही. दोन्ही गोष्टी होतात, कर्नलसाहेबांच्याच शब्दांत.

सहाव्या दिवशी हवालदारानं स्वतः फोन केला. म्हणाला, "मॅडम, एक सांगू का? हितं उघड्यावर बायका बसून हायेत, थंडीच्या. आमच्या छावणीशेजारीच. त्यांच्यातली एक बाई रोज येती अन् खुणा करून काय तरी मागती. दोन दिस कुणाला कळंना. मंग डॉक्टरला कळालं. आडोसा मागायली. जायला जागा न्हाई म्हनती, चौफेर बापे."

"मग?"

"मंग काय? कांबळी बांधली चार काठ्यांला. वाऱ्यानं उडायलीत. तुमची ती कनात असती तं झालं असतं बघा."

मी फोन ठेवला. तोवर मला वाटत होतं की ती ओळ माझी होती आणि खोडायचा हक्क माझा होता. माझी कसली? मी सामानाच्या यादीतून अशा बायका खोडल्या होत्या, ज्यांना मी कधी बघणारही नव्हते.

तुकडी परत आल्यावर उरलेली सुट्टी घेऊन खजुरीला गेले. तूर काढणं चाललं होतं. आई अंगणात बसून हरभऱ्याचा हिरवा पाला निवडत होती. भावानं शेतातून आल्या आल्या विचारलं, "कसा हाय तिकडचा मुलूख?"

"गेलेच न्हाई."

"म्हंजे?"

मी सगळं सांगितलं. सरावाचं वजन, एकशे बारावी ओळ, पितळी पाट, सही. भाऊ ऐकता ऐकता तापला. "त्या कर्नलला म्हनावं ये एकदा खजुरीला," वगैरे. आई पाला निवडत राहिली. मग म्हणाली, "तू खोडलीस?"

"व्हय."

"कुणी सांगितलं होतं?"

"न्हाई."

"मंग कामून खोडलीस?"

माझ्याकडे उत्तर होतं आणि ते मी तिच्या तोंडावर मारलं. "तूच शिकवलंस म्हणून. येळवशीला तू कधी जेवतीस? सगळ्यांचं झाल्यावर. भज्जी उरली तं उरली. पातेल्याला लागलेलं खरवडून खातीस अन् म्हनतीस, मला भूकच न्हाई. चाळीस वर्षं बघायले मी. वजन जास्त झालं की आपलं काढायचं, हे मला फौजेनं शिकवलं न्हाई."

भाऊ म्हणाला, "अक्का, आईवर कामून वरडायलीस?"

आईनं पाला बाजूला सारला. तिलाही राग आला होता. "मी उपाशी ऱ्हायले ते माझ्या घरात," ती म्हणाली. "घरातलं घरात. तिथं इतकी मोठी फौज हाय, सरकारचं विमान हाय, तिथं कामून उपाशी ऱ्हायचं? इतकी शिकलीस, इतके बिल्ले लावतीस अन् तिथंबी पातेलंच खरवडलंस?"

ती उठून आत गेली आणि त्या संध्याकाळी माझ्याशी बोलली नाही. जेवायला मात्र तिनं आम्हा दोघींचं ताट भावाच्या आधी वाढलं आणि त्याला म्हणाली, "तू थांब जरा." तो इतका गोंधळला की खरंच थांबला. पुढे ते टिकलं का? नाही. दोन दिवस टिकलं.

परत गेल्यावर मी यादी नव्यानं केली. तंबू, कनात आणि शौचालय संच यांना सुटी ओळ ठेवली नाही. पाणी शुद्ध करायच्या मशीनच्या पेटीतच त्यांना जागा केली, आणि पेटीचं वजन एकच लिहिलं. ज्याला ते काढायचं असेल त्यानं मशीन बाहेर काढावं. 'महिला अधिकाऱ्यासाठी' हे शब्दही काढले. 'स्त्रियांसाठी, आपल्या आणि तिथल्या' असं लिहिलं. कर्नलसाहेबांनी ते वाचलं आणि मंजूर केलं. त्यांनी मला कौतुकाचं एक पत्रही दिलं, उत्तम पूर्वतयारीबद्दल. ते मी फाईलला लावलं. नोकरीत असल्या कागदाचा उपयोग होतो, आणि राग आहे म्हणून मी उपयोगाचा कागद फाडत नाही.

त्यानंतर रेजिमेंटमध्ये एक तरुण कॅप्टन आली. हुशार, तोंडानं फटकळ, कामाला वाघ. तुकडीच्या यादीत तिचं नाव घातलं. पहिला सराव झाला आणि दुसऱ्या दिवशी ती यादी घेऊन माझ्या ऑफिसात उभी राहिली.

"मॅडम, चाळीस किलो जास्त होतंय. पाण्याच्या पेटीतून कनात आणि तंबू काढला तर बसतं. मशीन परत बसवायला अर्धा तास लागेल फक्त. मी ॲडजस्ट करीन."

"कुणी सांगितलं काढायला?"

"कुणी नाही, मॅडम. मीच."

मी तिच्यावर इतकी ओरडले की बाहेरचा पहारेकरी दारातून आत डोकावला. नक्की काय बोलले ते मला आठवत नाही आणि आठवलं तरी सगळं इथे लिहिण्यासारखं नसेल. ती ताठ उभी राहिली, कान लाल झाले, पण रडली नाही. मी म्हटलं, "जा. स्वयंपाकघरात जा, डॉक्टरकडे जा, कारकुनांकडे जा. चाळीस किलो घेऊन ये. पेटीला हात न लावता. मिळाल्याशिवाय माझ्यासमोर येऊ नकोस."

ती तीन तासांनी आली. केस विस्कटलेले, आवाज बसलेला. त्रेचाळीस किलो आणले होते. कारकुनांच्या लोखंडी पेटीच्या जागी प्लास्टिकची आली होती, आणि मोठ्या पातेल्याच्या जागी पातळ पत्र्याचं.

"सगळे माझ्यावर चिडलेत, मॅडम."

"चिडू देत."

"हेडक्लार्क म्हणाले, तुम्ही दोघी सारख्याच."

"त्यांना सांग, अजून नाही."

तुकडी पुन्हा निघाली तेव्हा ती गेली. मी नाही. माझं वय आता त्या तुकडीच्या मर्यादेच्या पुढे गेलं आहे आणि मी परदेशात काम केलं नाही ते नाहीच. लोक म्हणतात, तुमच्यामुळे ती तरी गेली, समाधान माना. मी मानत नाही. ती तिच्या लायकीनं गेली. मीही माझ्या लायकीनं गेले असते.